कंदील नंबर चौदा

मंजूर संख्या छप्पन्न. हजर एक्केचाळीस.
चौघे मकरानला लग्नाला गेले ते तिकडचेच झाले,
नऊ तापानं पडून,
एक आपल्याच कोठडीत, आपल्याच कुलपाआड,
आणि अल्लादाद मेला,
पण त्याचा पितळी बिल्ला जमा झालेला नाही
म्हणून तो अजून पटावर आहे.
हजेरीला त्याच्या नावापुढं मी टिंब देतो.
काट मारायला वरून हुकूम लागतो.

मी वेंगुर्ल्याचा. आगबोटीनं आलो,
चौथ्या दिवशी अंगरख्यावर मिठाचा नकाशा.
रात्रीच्या पहारेकऱ्याला मनामात म्हणतात नातूर.
पहिला महिनाभर मला वाटे,
कोणी चिपळूणकडचे नातू
आधीच येऊन चिकटलेत नोकरीला.

गुन्हे तरी काय लिहायचे?
एक बकरी, रंग काळा, डावा कान फाटका.
कॉफीचं पितळी भांडं, चोचीचं.
पाणबुड्याचा नाकचिमटा, कासवाच्या पाठीचा:
फिर्यादी म्हणाला, याच्याशिवाय मी बुडेन;
साहेब म्हणाले, किंमत लिहा.
दोन आणे लिहिले.

आणि कंदील नंबर चौदा.
मासळीबाजाराच्या कोपऱ्यावरचा, काच तडकलेली.
दर महिन्याच्या अंधाऱ्या पक्षात तो चोरीला जाई,
चार दिवसांत सापडे.
चोर: मरहून, पाणबुड्या, हंगाम संपल्यानं रिकामा.
पकडणारा: शिपाई शहदाद.
बक्षीस: रुपये पाच.
कंदिलाची किंमत: साडेतीन.

मला हिशेब येतो. त्याचाच पगार घेतो मी.
सात दिवस कोठडी म्हणजे सात दिवस भात,
आणि सुटताना शहदाद त्याला पोचवायला
कोपऱ्यापर्यंत जाई,
पाहुण्याला पोचवतात तसा.
पाचाचे दोन भाग कुठं होत
ते मी पाहिलेलं नाही.
पावतीवर शहदादचा अंगठा घेतला, वाळू टाकली, मिटलं.

मग नवे साहेब आले, कोवळे, नाकाचं साल निघालेलं.
बक्षिसाचं पान त्यांनी दोनदा वाचलं.
पाचाचे आठ आणे केले.

पौषात कंदील जागेवर. माघात जागेवर.
अहवालात आलं:
कडक बंदोबस्तामुळं चोऱ्यांना आळा.
बुशहरला जायची प्रत होती, म्हणून
मी ती वळणदार काढली,
'बंदोबस्त'मधल्या अनुस्वारालासुद्धा नीट गोल केलं.

डाक गेली, त्याच रात्री चौदा नंबर गेला.
कोपऱ्यावर मूळजी शेटचा गुमास्ता
गटारात पडला, मासळीच्या पाण्यात,
आणि फिर्याद द्यायला आला तसाच, वास घेऊन.
कुठं लिहू? अहवाल तर बोटीवर चढलेला.
पडणं हा गुन्हा नाही, असं मी त्याला समजावलं.
शोधायला कोणी निघालं नाही.
आठ आण्यांत कोण चपला झिजवतो!

गलबतं सुटायच्या आदल्या संध्याकाळी
मरहून माझ्या दाराशी उभा,
गोणपाटात काहीतरी गुंडाळलेलं.
एक रुपया मागितला.
मी दोन दिले. बोललो नाही. तोही नाही.
त्याच्या कानातून पू येत होता,
नाकचिमटा दोरीनं गळ्यात लटकत होता.
तो दोन आण्यांचाच का, हे मी विचारलं नाही.

आता कंदिलाचा नंबर भिंतीकडं फिरवून ठेवलाय.
घरचं पत्र लिहितो, उद्याचा पट लिहितो.
तडकेतून उजेडाची एक रेघ
नेमकी कागदावर पडते, आडवी,
एखाद्या नावावर मारल्यासारखी.

रात्री गस्तीचे बूट खिडकीखाली थांबतात.
शहदाद खोकतो.
"मुन्शीजी, उजेड बरा पडतो की तुमच्याकडं."
तडकलेली काच त्याला ओळखू येणार नाही, तर कोणाला?
मी म्हणतो, "हो. जरा वाचायचं होतं."
बूट लगेच हलत नाहीत.

मी वात थोडी खाली करतो.