चिठ्ठीवर माझं नाव

पहिल्याच मेसेजात त्यानं लिहिलं:
साहेब, हे खोटं आहे. आधीच सांगून ठेवतो.
पाण्यात घालू नका, जाणकाराला दाखवू नका.
चार हजार दोनशे, निम्मे आगाऊ.

अश्फाक परकार. मूळ गाव खेडजवळ,
धंदा पायधुणीला, तिसऱ्या मजल्यावर,
बायकोच्या शिलाई मशीनशेजारी दोन खोकी.
हे सगळं नंतर कळलं.
तेव्हा तो फक्त दहा आकडे होता
आणि चेहऱ्याच्या जागी एक गुलाब.

मी म्हटलं, तुझ्यावर भरवसा कसा ठेवू?
तो म्हणाला, ठेवू नका. व्हिडिओ बघा.
वीस सेकंदांचा. मेणकापडावर घड्याळ,
काटा न अडखळता सरकणारा,
बाजूला त्या दिवशीचं वर्तमानपत्र
आणि वहीच्या कागदावर बॉलपेननं
शिरंग ठोसर, मुलुंड.
श्रीरंग लिहायला जमलं नसावं.
मागे कुठेतरी कुकरची शिट्टी.
मी त्या शिट्टीवर एकवीसशे पाठवले.

मग नऊ दिवस.
बायकोला सांगितलं नाही, ऑफिसात सांगितलं नाही,
रोज झोपताना गुलाब जागेवर आहे का ते बघायचो.
सहाव्या रात्री गुलाब गेला.
करड्या रंगाचं रिकामं माणूस उरलं.
मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला
आणि माझ्या एकीचा, गाढवाच्या.
सकाळी गुलाब परत. खाली ओळ:
फोन पडला होता साहेब, काच बदलली.

पार्सल आलं. घड्याळ
लहान मुलीच्या मोज्यात गुंडाळलेलं.
मोजा धुतलेला होता.

आता माझ्या धंद्याबद्दल.
मी फ्लॅट विकतो, अजून न बांधलेले.
नमुन्याच्या घरात पलंग पाच फूट तीन इंच,
म्हणजे खोली मोठी दिसते.
पुस्तकांना पानं नाहीत. टीव्ही पुठ्ठ्याचा.
खिडकीत डोंगराचा फोटो, मागून दिवा.
चुनेकरबाई त्या पलंगावर जराशा टेकल्या,
हातानं चादर सारखी केली,
म्हणाल्या, उजेड छान येतो.
चुनेकरांनी विचारलं, ताबा कधी?
मी बाही मागे सारून मनगट बघितलं,
जसं काही तिथंच लिहिलं होतं,
आणि म्हणालो, पुढचा डिसेंबर.
ते घड्याळाकडेच बघत होते. म्हणाले, असली?
मी म्हटलं, हो.
त्यांनी चेकवर सही केली.
व्हिडिओ मागितला नाही.

चौथ्या महिन्यात ते थांबलं. दहा बावीस.
पावती नाही, वॉरंटी नाही,
असल्या मालाची फिर्याद कुठल्या चौकीत करणार?
तरी कळवलं. तो म्हणाला, द्या पाठवून.
आतलं मशीन बदलून आलं, पैसे न घेता,
त्याच मोज्यात. फक्त आता
टाचेजवळ रफू.

मार्चमध्ये मेसेज. फोटो नाही, व्हिडिओ नाही:
साहेब, तीन हजार मिळतील? मुलीची फी.
मी शाळेचं नावही विचारलं नाही.
दिवाळीपर्यंत दोन हजार परत आले,
पाचशे, पाचशे, मग बराच खंड, मग पाचशे, पाचशे.
हजार राहिलेत.
तो बोलत नाही, मी विचारत नाही.

चुनेकर मात्र विचारतात.
डिसेंबर येऊन गेला तेव्हापासून
दर सोमवारी, फार अदबीनं:
ठोसरसाहेब, काही कळलं का?
फोन वाजला की मी नावाआधी मनगट बघतो.
अकरा.
वेळ अगदी बरोबर दाखवतं हो.