नागीण

सोमवारी वाटलं, खोकी उचलली म्हणून.
हॅलिफॅक्सच्या वाचनालयात तळघरातले जुने नकाशे
मीच वर आणले होते, कोणी सांगितलं नसताना.
डाव्या खवाट्याखाली एक रेघ,
तापल्या उलथन्याने ओढावी तशी.

मंगळवारी कपड्यांची पावडर बदलली.
बुधवारी रात्री सुती गाऊनही सोसवेना,
घडी टेकली की जीव कळवळायचा,
आणि आरशात पाठ कोरी.
आरशालाही दोन दिवस काही कळलं नव्हतं.

गुरुवारी आंघोळीनंतर दिसले:
सात-आठ दाणे, लाल कातडीवर पाणीदार,
भिजल्या साबुदाण्यासारखे,
एकाच बाजूला, ओळीने.

कुमुदला फोनवर पाठ दाखवली.
मिरजेत दुपार होती. तिने हातातलं ताट खाली ठेवलं.
"नागीण गं! तोंड शेपटीला टेकू देऊ नकोस.
गेरू मिळतो का तिकडे?"

गेरू नाही मिळत.
टेकडी उतरलं की चिप्सच्या दुकानाला लागून
शगुफ्ताचं औषधांचं दुकान मिळतं.
तिने पडदा ओढला, चष्मा कपाळावर सारला.
"कधी उठले?"
"आज."
"लहानपणी कांजिण्या?"

आणि मी नऊ वर्षांची,
मधल्या खोलीत कडुनिंबाच्या पाल्यावर,
बंद दाराबाहेरून कुमुद
गणिताची उत्तरं ओरडून सांगतेय. निम्मी चूक.

"त्या गेल्याच नव्हत्या," शगुफ्ता म्हणाली,
"मज्जातंतूच्या मुळाशी निजून होत्या."
म्हणजे एकोणपन्नास वर्षं!
लग्नात होत्या, विमानात होत्या,
यांच्या शेवटच्या रात्री
हॉस्पिटलच्या खुर्चीत माझ्याबरोबर जागल्या असतील,
व्हिसा न काढता.

"दाणे उठल्यापासून तीन दिवसांत गोळ्या सुरू व्हाव्यात.
वेळेत आलात."
सात, अकरा, तीन, सात, अकरा.
गजर लावून गिळते आहे.
रोज कुमुद विचारते, "पोचली का?"
नाही गं. कण्यापाशी निघते,
छातीच्या मध्यावर येऊन थांबते.
तिची शेपूट तिला कधीच सापडत नाही.

खाली डोरीनची लेक, सातवा महिना,
तिला कांजिण्या कधी झालेल्याच नाहीत.
सगळ्या दाण्यांवर खपली धरेपर्यंत
जिन्यातही भेटायचं नाही, असं मीच कळवलं.
संध्याकाळी दाराशी सुपाचं भांडं,
आणि खालच्या पायरीवरून डोरीनचा आवाज:
"मीठ कमी आहे!"
दाराला पाठ टेकणार होते,
आठवलं, आणि कपाळ टेकलं.

तिसऱ्या आठवड्यात कामावर गेले.
रेघ अजून आहे, पण आता नुसती पेन्सिलीची.
एडविन नेहमीच्या टेबलाशी, पेपर तसाच,
भुवई चोळत बसलेला.
"उशी बदलली ना," म्हणाला, "परवापासून जळतंय."
वाकून पाहिलं. भुवईपासून नाकाकडे
तीन बारीक दाणे.

डोळ्याच्या इतक्या जवळ.

उद्या नको, म्हटलं. पेपर संपल्यावर नको.
त्याचा कोट मीच खुंटीवरून काढून आणला.