निर्दोष

ब्लाजेना गाणं ऐकत नाही.
गाण्यातले खडे वेचते,
नाताळच्या आदल्या दिवशी तिची आई मसूर निवडायची तसे,
मान खाली घालून, एकेक.

खाली वाफेचे साचे. काळा लगदा, दोन्हीकडून दाब,
सत्तावीस सेकंदांत एक तबकडी.
शंभरातली एक जिना चढून आमच्या खोलीत येते,
अजून कोमट.
ब्लाजेना हेडफोन चढवते.
मी शेजारच्या टेबलाशी, शिकाऊ.
माझं काम तिच्या भुवईकडे बघायचं
आणि ती हलली की वेळ लिहायची.

दोन मिनिटं चौदा : टिक.
अकरा मिनिटं तीन : खरखर, उजवीकडे.

सोमवारी चार चेलो आणि एक पत्र्याची बादली.
ब्रनोच्या कुणा पोरगेल्या संगीतकाराची रचना, बेचाळीस मिनिटं,
त्यातली नऊ नुसती शांतता.
तिनं शांततेवर तीन शेरे मारले.
उत्तर आलं : बाई, पहिली करकर खुर्चीची, ती स्वरलिपीतच आहे.
दुसरी बाहेरच्या ट्रामची, तीही असू द्या.
तिसरी मात्र आमची नाही.
ते पत्र तिच्या ड्रॉवरमध्ये आहे, सँडविचच्या डब्याखाली.

मंगळवारपासून बोहुशची प्रेमगीतं.
गळ्यात मध आणि कायमची थोडी सर्दी.
पाच हजार प्रती पुन्हा छापायच्या;
बेरोउन्काच्या दोन्ही काठांवरच्या आया
अजून त्याच्यावर जीव टाकतात.
ब्लाजेना आपल्या लग्नात याच गाण्यावर नाचली होती म्हणे,
कँटीनमधले सांगतात.
मी विचारलं, कसं आहे हो ते?
म्हणाली, दुसऱ्या कडव्यानंतर उडतं.

एकदा बसथांब्यावर कुणाच्या तरी फोनवर तेच लागलं.
दोघं-तिघं गुणगुणत होते, एक म्हातारा पिशवीसकट डोलत होता.
ब्लाजेना ताठ.
दुसरं कडवं संपलं, टिक आली नाही,
आणि ती दचकली,
अंधारात आणखी एक पायरी असेल म्हणून पाय टाकावा
आणि नसावी, तशी.

फेब्रुवारीत कंपनीचा डॉक्टर आला, कान तपासायला.
ती बाहेर आली ती लोकरीची टोपी ओढूनच.
तेव्हापासून तबकडी तिरकी धरते खिडकीच्या उजेडात,
कडेवरून नख फिरवते,
श्वास रोखते.
भुवई हलत नाही.
चेलो गेले, बोहुश गेला, एक लहान मुलांचा कोरस गेला,
कागदावर तिचं गोल अक्षर : निर्दोष. निर्दोष. निर्दोष.

जेवणाच्या सुट्टीत मी तिचे हेडफोन घातले.
आत तिच्या केसांचा वास, आणि उबही.
बोहुश कुणाला तरी थांब म्हणत होता, जाऊ नकोस म्हणत होता,
शब्द मी पहिल्यांदाच नीट ऐकले,
आणि त्यांच्या मधोमध, गोठलेली काटकी मोडावी तशी :
टिक.

तिच्या 'निर्दोष'खाली मी वेळ लिहिली.
खोडली.
मग पुन्हा लिहिली,
माझ्या अक्षरात नाही, तिच्या गोल अक्षरात.

दुसऱ्या दिवशी तिनं कागद पाहिला. बराच वेळ.
चष्मा पुसला, स्वेटरच्या टोकानं, पुन्हा पाहिला.
काही म्हणाली नाही.
कपाटातून जुने हेडफोन काढले, वायर चिकटपट्टीनं बांधलेली,
आणि माझ्यापुढे ठेवले.
आपली खुर्ची सरकवली, करकर वाजली,
जराशी माझ्या बाजूला.

आता आम्ही दोघंही ऐकतो.
ती माझ्या भुवईकडे बघते.