नव्वदचं शंभर धर

राजारामपुरीतल्या झेरॉक्सवाल्याकडून
इसाक मिस्त्रींनी तक्ता नव्यानं लॅमिनेट करून आणला
तेव्हा माझ्या मनगटावर बासष्ट हजारांचं यंत्र होतं,
हप्ते अजून चालू.

तक्त्यात उभे फूट, आडवी मिनिटं, कडेला इंग्रजी अक्षरं.
कोपऱ्यात त्यांच्या हातची पेन्सिल, प्लास्टिकखाली कायमची:
नव्वदचं शंभर धर.

का?
"ह्ये छापलंय दर्यावरच्या मानसांनी.
आपलं पानी एकोनिसशे फूट उंच.
उंचावरचं पानी खोली कमी सांगतं."
यंत्र हे आपोआप धरतं, मी म्हटलं.
"मग चांगलंच की," म्हणाले, आणि शंभरच धरलं.

राधानगरीला जाळीत ओंडका अडकला होता.
तळाशी आम्ही तीन-चार मिनिटंच होतो,
बाकी सगळा वेळ चाळीस फुटांवर भिंत चाचपत,
पाणी शेणासारखं, हातालाच काय ते डोळे.
यंत्र म्हणत होतं, अजून एकतीस मिनिटं.
बाविसाव्याला मिस्त्रींनी अंगठा वर केला.
पाण्याखाली अंगठा म्हणजे शाब्बास नव्हे.
चल.

होडीत मी खवळले.
यंत्र क्षणाक्षणाचा हिशोब ठेवतं, म्हटलं,
कुठं किती होतो ते त्याला ठाऊक असतं.
तुमचा तक्ता एकदा खोल गेलं की
सगळा वेळ खोलच धरतो!
मिस्त्री कानातलं पाणी काढत होते.
"आमची हालिमा बी तसंच धरायची.
सकाळी दोन मिनिटं वरडलो,
की दिवसभर वरडलो."

पुढं बराच वेळ वल्ह्याचाच आवाज.

मग म्हणाले, सत्त्याऐंशी साली कंत्राटदार घाईत होता,
वरून दोर हिसडत होता, तक्ता गाडीत राहिला होता.
तेव्हापासून उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.
थंडीत पहाटे चारला तो जागा होतो.
"त्यो भरता येतोय का बग, तुझ्या यंत्रात."

मालवणहून परतताना वैभववाडीला
घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवली.
यंत्रावर विमानाचं बारीक चित्र, शेजारी तास.
"आपन कुठं इमानात बसतोय," ते हसले,
पण समुद्रातून निघून घरी जायचं
तर कोल्हापूरकराला चढच लागतो.
त्यांनी तक्ता मांडीवर घेतला, बोट फिरवलं,
दोन्ही आकडे शेजारी ठेवले.
जुळले नाहीत.
"ज्यो जास्त थांब म्हनंल, त्येचं."

ट्रक एकेक गिअर टाकत वर जात होते.
बॅटरीची एक रेघ कमी झाली होती,
यंत्राच्या पट्ट्याखाली मीठ खाजत होतं.
मी डबा उघडला.
मिस्त्री डाव्या हातानं भाकरी मोडायला लागले.