सातशे हर्ट्झ डावीकडे

अचाओच्या धक्क्यामागे, माझ्या दुरुस्तीच्या दुकानात,
शेगडीपासून जरा लांब
(ऊब त्याला सोसत नाही)
बिस्किटांच्या डब्यात एक बोर्ड आहे,
पत्त्याच्या पानाएवढा.
त्याच्या कुशीत खुपसलेला अंगठ्याएवढा रेडिओ,
आणि छपरावर तांब्याची तार,
जिच्यावर कुरव बसला की आवाज पडतो.

सुरुवातीला मी हावरटपणा केला.
सेकंदाला चोवीस लाख नमुने मागितले,
आख्खी खाडी एकदम ऐकायची म्हणून.
बोर्ड तापला, अडखळला,
माणसांच्या वाक्यांतले घास गिळू लागला:
उत्तरेला... जाळं... दोन तास...
कोण उत्तरेला? कुणाचं जाळं?
मग अडीच लाखांवर आले.
अंथरूण पाहून पाय पसरले म्हणा.
थोडंच आकाश, पण सलग.

पडद्यावर धबधबा सरकत असतो, निळा, काळा.
होडीवर कुणी बटण दाबलं की त्यात पिवळी रेघ उमटते,
सोडलं की तुटते.
सोळा नंबरावर सगळ्या रेघा मधोमध.
एकच बाजूला, सातशे हर्ट्झ डावीकडे.

आधी वाटलं, खोट माझ्याकडेच.
स्वस्तातला रेडिओ, तोही तापला की सरकतो.
म्हणून टेकडीवरच्या मोबाइल टॉवरशी ताडून पाहिलं,
माझी चूक मोजली, वजा केली.
उरली ती बाल्दोमेरोची.

माझा भाऊ. त्याची होडी 'त्रान्सितो'.
आवाज ऐकू येण्याआधीच रेघेवरून कळायचं, तोच आहे.
फेलिना, केतली ठेव, म्हणायचा,
संकटाच्या वाहिनीवर,
आणि बंदराचा अधिकारी दर वेळी त्याला झापायचा.

मार्चमध्ये कास्त्रोच्या इस्पितळात गेला. समुद्राचा काही दोष नाही,
मूत्रपिंडं.
होडी विकली, रेडिओसकट.

जूनमध्ये एका पहाटे
रेघ उमटली. डावीकडे.
माझ्या हातातलं लाकूड हातातच राहिलं.
"अचाओ, अचाओ, इथे त्रान्सितो..."
आवाज कुणा पोराचा,
अजून नीट फुटलेलाही नव्हता.

परवा तो दुकानात आला. यर्को बारिया.
माइकची वायर उंदरांनी खाल्लेली.
मी रेडिओ उघडला, आत तो एवढासा स्क्रू,
आणि त्यावर लाल ठिपका, माझ्याच नखपॉलिशचा.
वीस वर्षांपूर्वी मीच सरळ करून मोहोर लावली होती.
तेव्हा बरोबर होता.
नंतर स्फटिक म्हातारा झाला,
तसे आम्हीही.

"काही चुकतंय का त्याचं?" यर्कोनं विचारलं.
थोडं. नियमात बसतं.
"मग करा ना सरळ," म्हणाला, "उघडलाच आहे तर."

बरोबरच होतं त्याचं.
नखानं ठिपका खरवडला,
पेचकस पाव वेढा फिरवला,
आणि पडद्यावर रेघ हळूहळू चालत
बाकीच्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.
पैसे वायरचेच घेतले.
जाताना तो शिंपल्यांची पिशवी विसरल्यासारखी ठेवून गेला.

रात्री बसले ऐकत.
तीन रेघा, चार, सगळ्या मधोमध,
कुठली कुणाची, काय कळणार.
बोर्ड पंख्याविना गप्प, डबा कोमट.
मग एक रेघ उमटली
आणि उमटताना,
पापणी लवायच्या आत,
डावीकडे कलली,
मग आठवण झाल्यासारखी सरळ झाली,
जसा शाळेत ओरडा खाल्लेला पोरगा पाठ ताठ करतो.
पुन्हा बटण. पुन्हा तेच.
ते त्या स्क्रूच्या हातातलं नव्हतं.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात.
म्हणणाऱ्यांनी असला रेडिओ उघडलेला नसतो.

यर्को वाऱ्याबद्दल काहीतरी सांगत होता,
आणि मध्येच आवाज पडला.
वर तारेवर कुरव.
मी उठले,
आणि झाडूचा दांडा छपराला दाणदाण हाणला.