विनाप्रवासी

जत आगारात सांख्यिकीच्या टेबलाचा एक पाय तोकडा आहे,
त्याखाली मी जुन्या वेळापत्रकाची घडी सारलीय.
त्या टेबलावर रोज तालुका मोजते :
किलोमीटरमागे उत्पन्न, लिटरमागे किलोमीटर,
रद्द फेऱ्या, टायरचं आयुष्य,
आणि भारमान.

भारमान म्हणजे चव्वेचाळीस आसनांपैकी
किती आसनांचं तिकीट फाटलं.
मांडीवरचं पोर त्यात धरत नाहीत.
ड्रायव्हरच्या मागं लटकवलेले कॉलेजच्या पोरांचे डबेही नाहीत,
फडक्यातून शेंगाचटणीचा वास आला तरी.

हुणसेवाडी मुक्कामी. रात्री पावणेनऊला सुटते,
पहाटे साडेपाचला तिकडून निघते.
चालक दुंडाप्पा कोष्टी, गाडीशी कन्नडात बोलतो.
वाहक बाबालाल मुलाणी, फारसा कुणाशीच बोलत नाही.
वर्षभर भारमान चौदा, चौदा, अकरा, चौदा.
एकदाच, यल्लम्माच्या जत्रेला, एकशे दहा.

सांगलीहून पत्र आलं :
पस्तीसच्या आतल्या फेऱ्यांची पंधरा दिवस नोंद घ्यावी
व आवश्यक वाटल्यास बंद कराव्यात.
आवश्यक कुणाला वाटल्यास, ते लिहिलं नव्हतं,
पण असली पत्रं आम्हाला वाचता येतात.

पहिल्या रात्री भारमान एकोणचाळीस.
दुसऱ्या रात्रीही एकोणचाळीस.
मला वाटलं मशीन बिघडलं.
कागदाची पट्टी टेबलावर पसरली, जेवण तसंच राहिलं.
आठ बावन्न. नाका ओलांडला की
दोन मिनिटांत अकरा तिकिटं,
जत ते हुणसेवाडी, अकराही पूर्ण.
एक अर्धं नाही. एक पंचाहत्तरीचं नाही.
हे कुठलं गाव, जिथं बाई नाही, म्हातारं नाही,
आणि रोज रात्री अकरा धट्टेकट्टे बाप्ये
कामावरून घरी परततात?

मुलाणींना बोलावलं.
ते पिशवीची चाप उघडमीट करत उभे.
मग म्हणाले, मॅडम, पैसे पहाटे मिळतात.
पाणंदीच्या तोंडाशी दूधवाला मल्लेशी देतो,
तंबाखूच्या पुडीत, मोजून.
यंदा गावानं जत्रेला ऑर्केस्ट्रा ठरवला नाही.

आणि तिकिटं कुणाची?
तेही ठरलंय, म्हणाले.
जे गेलेत त्यांची.
रमलव्वाचा थोरला कुपवाडला फौंड्रीत, तो तीन नंबर.
गवंडीकामाला गेलेले दोघे पाच आणि सहा.
अकरावा वारला मागच्या साली,
पण त्याचा बाप म्हणाला, काढा त्याचंबी.

म्हणजे सीट रिकामी नेता?
"तीन नंबरवर दुंडाप्पा पिशवीसुद्धा ठेवू देत नाही."

रात्री नियमपुस्तक काढलं.
विनातिकीट प्रवासी : दंड आहे, जबाबाचा नमुना आहे.
विनाप्रवासी तिकीट :
अनुक्रमणिकेतसुद्धा नाही.
अपहार म्हणावा, तर रोकड पैशाला पैसा जुळते.

तेराव्या रात्री तपासणी पथकाची जीप आडवी आली.
प्रवासी सहा, तिकिटं सतरा.
साहेबांनी दोनदा मोजलं,
टॉर्च सीटखालीही मारला.
मार्गपत्रावर काहीतरी लिहायला घेतलं,
अर्ध्यात खोडलं,
आणि दुंडाप्पाला म्हणाले, जा, सावकाश जा.
ते खोडलेलं मी उजेडाला धरून पाहिलं.
वाचता आलं नाही.

पंधरा रात्रींची सरासरी अडतीस पूर्णांक सहा.
दोनदा ताळा केला. बरोबर आली.
सही केली, टपालात टाकलं.

सोळाव्या रात्री भारमान सोळा.
नेहमीचे सहा, आणि एक मी.
पास होता, तरी पूर्ण तिकीट मागितलं.
मुलाणी म्हणाले, मॅडम, पंधरवडा संपला की.
म्हटलं, माहितीय.

तीन नंबर सोडून बसले.