तेरा अंशांची टोपी

सावद्यात एप्रिलमध्ये लोकर मागितली
तर नंदलालशेठ आधी तोंडाकडे बघतो,
मग वरच्या फळीवरची धूळ झटकत विचारतो,
“घरी बाळ येणाराय का कोणाच्या?”
नाही म्हटलं. रुबाब तडवीचे कान दुखतात.

बाहेर चव्वेचाळीस, आत तेरा.
केळीच्या कोल्ड स्टोरेजच्या दाराशी बसून
मी खोकी मोजते.
माणसं घामाने निथळत आत जातात
आणि बाहेर येतात कान चोळत.
कंपनीने दिलेल्या टोप्या
दिवाळीआधीच विरल्या. अर्ज केलाय.

फेगडे बाई शाळेत शिवण शिकवायच्या.
डोळ्यांत मोतीबिंदू, बोटं मात्र अजून नोकरीवर.
“सुलट, सुलट, उलट.
भाकरीची कड धरतेस ना, तशी धर.
दाबू नको वं माय, ती काय पळून चाल्ली?”
वीस टाके घातले होते सकाळी,
संध्याकाळी मोजले तर सव्वीस.
खोक्यांत कधी एकाचा फरक नाही माझा.

पहिली ॲक्रिलिकची, पोपटी.
घामेजल्या बोटांना चिकटायची,
सुईवर सरकताना चुंचुं करायची.
मफलर म्हणून सुरू केला,
निघाली पाचर: इकडे वीत, तिकडे हात.
सध्या कूलरच्या गळक्या नळीला बांधलाय.
नळी गळायची थांबली, हे मात्र खरं.

दुसरी ठेलाऱ्यांकडची, काळी, हातानं कातलेली.
गुंडी उघडली तशी खोलीभर मेंढरं झाली.
दर चार टाक्यांना एक कुसळ.
उपटताना वाटायचं,
कोणत्या बांधावरून गेली असेल ही,
कोणी हाकलली असेल दगड मारून.
हातमोजा झाला, पण अंगठा कुठून काढायचा
ते काही जमेना.
फेगडे बाई म्हणाल्या, “अंगठा पुढच्या वर्षी.”

तिसरी निळी, केसाळ, हौसेनं घेतलेली.
तिच्यात चूक दिसतच नाही.
टाकाही दिसत नाही. उसवायला गेले
तर मांजरीसारखी धरून बसली.
कात्री लावली. मग रात्रभर वाईट वाटलं.

आणि मग सूत.
जिनिंगच्या धुरळ्यात वाढलेली मी,
शाळेचा रस्ता सरकीच्या ढिगांमधून,
तरी सूत हातात घेतलं तर अनोळखी.
जड. ताण देत नाही.
लोकर सांभाळून घेते,
सूत सगळं सांगून टाकतं.

वीज गेलेल्या एका रात्री, मोबाईलच्या उजेडात,
कळलं की भांडतेय मी उगाच.
तो दिवसातून तीस वेळा
वैशाखातून पौषात जातो आणि परत येतो.
त्याला दोन्ही लागतात.
डोक्यावर सूत, घाम प्यायला.
कानांवर काळी लोकर, कुसळं काढून काढून.
शहाण्णव टाके.
अकरा ओळी वर गेल्यावर दिसलं,
एक गळालाय, आणि शिडीवरून उतरावा तसा
ओळीओळीने खाली चाललाय.
केसांच्या पिनेनं धरून वर आणला त्याला.
त्याच्या शेजारचा राहून गेला.

सोमवारी दिली.
रुबाबने उलटी घातली, मग सुलटी,
मग तिसऱ्याच कुठल्या बाजूने.
त्या भोकातून
पांढऱ्या केसांचा झुपका बाहेर आला.
“भोक राहिलंय,” म्हटलं, “दे, बुजवून आणते.”
“ऱ्हाऊ दे ना ताई. भायेर आलो का
वारा लागीन तिथून.”

दुपारपर्यंत
एका कच्च्या घडाचा चीक तिच्यावर सांडला.
आधी पाण्यासारखा, मग तपकिरी,
पाच वाजता काळा.
केळीचा डाग निघत नाही, हे इथे
रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक.
आता ती उसवून पुन्हा विणायची सोय नाही.
खोकी मोजता मोजता मी नुसती बघते:
दार उघडतं, धुक्याची एक फुंकर बाहेर येते,
तिच्यामागे काळे कान, पांढरा झुपका,
आणि खांद्यावर
चौसष्ट नंबरचं खोकं.
की पासष्ट?